रात्रमुक्कामाला आठ पोरी, खर्च जवळपास शून्य: खेळ सुचवा

चिमणघर (धागाकर्ती)

लेकीला पुढच्या महिन्यात नऊ पूर्ण होतील. हॉल नको, जादूगार नको, सजावट नको. मैत्रिणींनी रात्री आपल्याकडे राहायला यायचं, एवढीच मागणी. ऐकायला स्वस्तातलं वाटलं म्हणून लगेच हो म्हणून बसले. मग मोजायला घेतलं तर सात जणी येणार, आमची आठवी, आणि पाच वर्षांचं शेपूट वेगळंच. संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ. पंधरा तास! त्यातली झोप किती, ते तुम्ही जाणताच.

तयार पार्टी-संच बघून झाले. डबा उघडला की अर्ध्या तासात सगळं संपणार आणि सकाळी कचऱ्यात, असलाच प्रकार. घरात आहे ते असं: भरपूर रद्दी, जुने मोजे, चादरी, दोन टॉर्च, पत्त्यांचा एक कॅट, रंगखडू, सुतळी. बाहेरची खोली बऱ्यापैकी मोठी आहे, पण खाली वयस्कर शेजारी राहतात, त्यामुळे दहानंतर धिंगाणा चालणार नाही. सिनेमा लावून मोकळं व्हायचा सल्ला घरातूनच मिळालेला आहे, तो इथे नको. :)

काय खेळवू?

रातकिडा

तीन वर्षं ओळीने हे पार पाडलंय, त्यामुळे जरा अधिकारवाणीने लिहितो.

खेळांची यादी नंतर करा, आधी उतार आखा. सुरुवातीला पळापळ, मग जेवण, मग बैठे खेळ, मग आडवं पडून खेळायचे खेळ, मग दिवा बंद. बहुतेक जण उलटं करतात. पोरं आल्या आल्या शहाण्यासारखी बसतात म्हणून त्यांना चित्रं रंगवायला बसवतात, आणि साडेदहाला उशांची मारामारी सुरू होते. ती मग बारापर्यंत उतरत नाही. अंगातली वाफ सहा ते आठमध्येच जाऊ दे.

दुसरं म्हणजे 'आऊट' करणारे खेळ टाळा. संगीतखुर्चीत पहिल्याच फेरीत आऊट झालेली पोर पुढची दहा मिनिटं करणार काय? ती दुसऱ्या आऊट झालेलीला घेऊन आतल्या खोलीत जाते आणि तुमची पार्टी दोन ठिकाणी सुरू होते. त्यापेक्षा खुर्च्यांच्या जागी वर्तमानपत्राची पानं पसरा. गाणं थांबलं की सगळ्यांनी पानांवर उभं राहायचं, जमिनीला पाय लागता कामा नये. दर फेरीला एक पान उचलायचं, माणसं मात्र तेवढीच. शेवटी एका पानावर आठ जणी एकमेकींच्या कमरेला धरून उभ्या राहायला बघतात. कुणी हरत नाही आणि हसून हसून सगळ्या खाली बसतात.

आणि मोज्यांची लढाई. मोज्यांच्या जोड्या गुंडाळून चेंडू करायचे, तीसेक तरी हवेत. खोलीच्या मधोमध सुतळी, दोन्हीकडे चार-चार जणी. दोन मिनिटांचा गजर लावायचा आणि आपल्या बाजूचे मोजे पलीकडे फेकत सुटायचं. गजर वाजला की ज्यांच्याकडे कमी, त्या जिंकल्या. लागत नाही, फुटत नाही, आणि चेंडूसारखा धपधप आवाज नाही, म्हणजे खालच्या आजी-आजोबांचे आशीर्वाद. गजर वाजल्यावर फेकलेला मोजा दोन धरायचा, हा नियम आधीच सांगा. नाहीतर लढाई कधीच संपत नाही.

पाटीपेन्सिल

रातकिडा यांच्या उताराला अनुमोदन. माझा प्रांत जेवणानंतरचा, म्हणजे कागद-पेन.

नाव-गाव-फळ-फूल सगळ्यांना येतं, पण नऊ वर्षांच्या पोरींना त्याचाही कंटाळा आलेला असतो. रकाने बदला. 'आईला न आवडणारी गोष्ट', 'पलंगाखाली सापडेल असं काही', 'सुपरहिरोचं नाव', 'वास येणारी वस्तू'. अक्षर आलं 'ढ' की मजा बघा.

दुसरा खेळ घडीचित्राचा. उभा कागद घ्यायचा, पहिलीने वरच्या भागात डोकं काढायचं (माणसाचं, भुताचं, किटलीचं, कशाचंही), मानेच्या दोन रेघा घडीच्या खाली येतील एवढ्या सोडून कागद दुमडायचा आणि पुढे द्यायचा. दुसरीने धड, तिसरीने पाय. मग उघडायचा. १९२५ च्या सुमारास पॅरिसमधली अतिवास्तववादी कलावंत मंडळी हाच खेळ खेळत बसायची, आधी शब्दांचा आणि मग चित्रांचा. तेव्हा पोरींना सांगायला हरकत नाही की तुमचं हे गाढवाच्या डोक्याचं आणि बदकाच्या पायांचं जे काही झालंय, त्याला कलेच्या इतिहासात जागा आहे.

तिसरा माझा सर्वांत लाडका, चित्र-कानगोष्टी. प्रत्येकीला लहान कागदांची एक-एक चळत. पहिल्या कागदावर वाक्य लिहायचं: 'हत्ती दाताच्या डॉक्टरकडे गेला.' चळत शेजारणीकडे. तिने वाक्य वाचून, तो कागद तळाला सरकवून, पुढच्या कागदावर चित्र काढायचं. तिसरीने नुसतं चित्र बघून वाक्य. असं फिरत जायचं. एक बारकावा: वाक्याने सुरू करून वाक्यानेच संपवायचं असेल तर कागदांची संख्या विषम हवी. आठ जणी असतील तर सातच कागद द्या, नाहीतर शेवटी चित्र उरतं आणि पहिल्या-शेवटच्या वाक्याची तुलना करण्यातली गंमत जाते. ज्यांना चित्रकला येत नाही त्या या खेळात भाव खाऊन जातात.

उंबरठा

राजा-वजीर-शिपाई-चोर कसं कुणी लिहिलं नाही अजून? चार चिठ्ठ्या, दुसरा खर्च नाही. राजाला १०००, वजिराला ८००, शिपायाला ५००, चोराला शून्य. आठ जणींचे दोन फड लावा.

कोपरापकड

@उंबरठा, वजिराला ५०० हो! आणि शिपायाला १००. ८०० कुठून आले?

उंबरठा

आम्ही जन्मभर ८०० च खेळलो.

कोपरापकड

म्हणूनच तुमचे हिशेब जुळत नसतील. (हलके घ्या.)

पाटीपेन्सिल

आकडा कुठलाही घ्या, पण आधी कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. आठ घरच्या आठ पोरी म्हणजे आठ नियमावल्या. हे सगळ्याच खेळांना लागू.

बिनझोप

रात्री नऊच्या सुमाराला एक मोठा खेळ लागतो, ज्याच्यावर पार्टी तोलली जाते. माझ्या मते तो 'गाव आणि लांडगे'. १९८६ मध्ये मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफ याने 'माफिया' नावाने हा काढला. लांडग्यांचं रूप नंतर आलं, आणि लहान मुलांना माफियापेक्षा लांडगाच बरा. सामान म्हणाल तर पत्त्यांचा कॅट.

आठ जणींत दोन लांडगे, एक जाणती, पाच गावकरी. लांडग्याला राजाचं पान, जाणतीला राणीचं, बाकीच्यांना दुर्री-तिर्री काहीही. पानं वाटायची, आपापलं बघून लपवायचं. सूत्रधार तुम्ही. 'गाव झोपलं' म्हटलं की सगळ्यांनी डोळे मिटायचे. 'लांडग्यांनो, उठा' म्हटलं की दोघींनी डोळे उघडून मुकाट्याने एकीकडे बोट दाखवायचं, ती शिकार. मग त्या झोपल्या की जाणती उठते आणि एकीकडे बोट दाखवते. ती लांडगा आहे की नाही हे तुम्ही मान हलवून सांगायचं. सकाळ झाली की शिकारीचं नाव जाहीर. मग गावाने वाद घालून, मत देऊन एकीला गावाबाहेर काढायचं. दोन्ही लांडगे गेले तर गाव जिंकलं. लांडगे आणि उरलेले गावकरी बरोबरीला आले तर लांडगे जिंकले. एक डाव दहा-पंधरा मिनिटांत आटपतो.

आता रातकिडा यांचा 'आऊट'वाला आक्षेप इथे लागू पडतो. माझा उपाय असा: शिकार झालेली भूत होते. भुताला रात्रीही डोळे उघडे ठेवायची परवानगी, पण तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. लांडगे कोण ते तिला दिसतं आणि बाकीच्या चुकीच्या पोरीला गावाबाहेर काढताना तिच्या पोटात जी कालवाकालव होते, त्यामुळे पोरी भूत व्हायला भांडतात. आणि दर डावाला पहिली शिकार वेगळी होईल याकडे लक्ष ठेवा. एकच पोर दरवेळी पहिली जात असेल तर तो खेळातला लांडगा नाही, वर्गातलं राजकारण आहे. तिला पुढच्या डावात सूत्रधाराची मदतनीस करा.

गोष्ट रंगवून सांगणं तुमच्यावर. 'सकाळी विहिरीपाशी फक्त एक चप्पल सापडली...' एवढं पुरतं.

चिमणघर

वा! चप्पल मी घेतली. पण पाच वर्षांच्या शेपटाचं काय करू? त्याला लांडगा केलं तर तो 'मी लांडगा आहे' असं लगेच जाहीर करणार.

बिनझोप

त्याला कोंबडा करा. सकाळ झाली की आरवायचं, हेच काम. माझ्या भाच्याने हे काम इतक्या निष्ठेने केलं की रात्री झोपेतही एकदा आरवला.

सावल्या

टॉर्च आहेत म्हणताय तर अंधार वाया घालवू नका.

पांढरी चादर दोरीवर टांगा, मागे टॉर्च, पुढे प्रेक्षक. हातांचा ससा, हरीण, मगर सगळ्यांना जमतं. पण पोरींना आधी दहा मिनिटं नुसतं खेळू द्या आणि विचारा, सावली मोठी कधी होते? वस्तू दिव्याजवळ नेली की सावली मोठी होते, पडद्याजवळ आणली की लहान. म्हणजे पाच वर्षांचा भाऊ दिव्याजवळ उभा राहिला तर तो राक्षस आणि नऊ वर्षांची ताई पडद्याजवळ गेली तर ती बुटकी. यावर अख्खं नाटक उभं राहतं. दोन टॉर्च बाजूबाजूला लावले की एका माणसाच्या दोन सावल्या पडतात, त्याचीही गोष्ट होते. टॉर्च जितका लहान बिंदूसारखा, तितकी सावली रेखीव. मोबाइलचा दिवा यासाठी झकास, मोठ्या काचेचा टॉर्च सावली मऊ करतो.

झोपताना मोर्स. दोन गट खोलीच्या दोन टोकांना पांघरुणात, बोलायचं नाही, फक्त टॉर्च. लांब लखलखाट आखूडच्या तिप्पट वेळ, हे एवढं शिकवलं की झालं. तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड म्हणजे मदतीची हाक, हे बहुतेकींना माहीत असतं. आपल्या नावाचं इंग्रजी आद्याक्षर शिकून घ्यायचं: ई म्हणजे एक आखूड, टी म्हणजे एक लांब, ए म्हणजे आखूड-लांब, एम म्हणजे दोन लांब. फायदा असा की हा खेळ मुळातच चिडीचूप आहे. टॉर्च भिंतीवर मारायचा, कुणाच्या डोळ्यांत नाही, एवढी ताकीद द्या.

जाता जाता: डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. खिडकीतून तारे दिसत असतील तर त्या आधी टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा, लाल उजेडाने ही सवय फारशी मोडत नाही.

गणितखडू

शोधमोहीम ठेवा, आणि तीही सांकेतिक भाषेत. ज्युलियस सीझर आपल्या पत्रांत प्रत्येक अक्षराऐवजी तीन घरं पुढचं अक्षर लिहायचा. आपली वर्णमाला यासाठी फार सोयीची. मात्रा जागच्या जागी ठेवायच्या आणि व्यंजन एक घर पुढे न्यायचं. 'कपाट'चं होतं 'खफाठ'. 'गादी'ची 'घाधी'. 'उशी'ची 'उषी', हे तर मुलीचं नाव वाटतं. ओळखायला परत एक घर मागे यायचं. फक्त 'ह' नंतर 'ळ' घ्यायचा की 'क' वर वळायचं, हे आधी ठरवा, नाहीतर मोहीम तिथेच अडते. आमच्याकडे अडली होती. जोडाक्षरांच्या वाटेला जाऊ नका.

चिठ्ठ्या लपवताना शेवटापासून मागे या, म्हणजे साखळी तुटत नाही. एखादी चिठ्ठी पांढऱ्या रंगखडूने पांढऱ्या कागदावर लिहा. कोरा कागद हातात पडतो, पोरी वैतागतात, मग जलरंगाचा हात फिरवला की मेणावर पाणी ठरत नाही आणि अक्षरं उमटतात. लिंबाच्या रसाची शाई यापेक्षा नाट्यमय, पण तिला आच द्यावी लागते. रात्री नऊ पोरं आणि आच एकत्र नको.

आणि मधल्या रिकाम्या पाच मिनिटांसाठी एक पैज: कोणताही कागद सातपेक्षा जास्त वेळा अर्ध्यात दुमडून दाखवा. दर घडीला जाडी दुप्पट, सात घड्यांना १२८ पदर. साधा कागद तिथेच हात टेकायला लावतो. मग सांगायचं की ब्रिटनी गॅलिव्हन नावाच्या अमेरिकेतल्या शाळकरी मुलीने २००२ मध्ये १२ घड्या घालून दाखवल्या. त्यासाठी तिने सुमारे १२०० मीटर लांबीचा टॉयलेट पेपर वापरला आणि किती घड्यांना किती लांबी लागते याचं सूत्रही मांडलं. नऊ वर्षांच्या मुलींना एका मुलीने मोठ्यांची पैज मोडल्याचं ऐकून काय वाटतं, ते चेहऱ्यावर बघा.

आजोबा_कोपऱ्यातले

सगळं वाचतो आहे. तुम्ही लोक फार तयारी करता बुवा.

आमच्या लहानपणी एका खोलीत बारा-पंधरा भावंडं ओळीने झोपायची आणि त्याला पार्टी म्हणत नसत. एक 'च'ची भाषा पुरायची. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी 'च'. पुस्तकचं 'चुस्तकप', पाणीचं 'चाणीप'. सरावलेली पोरं इतकी भरभर बोलत की मोठ्यांना कळू नये म्हणून काढलेली भाषा मोठ्यांना खरोखरच कळत नसे. काही शब्द या भाषेत भलतेच निघतात, ते पोरं स्वतः शोधून काढतातच, तेव्हा आपण ऐकलं नाही असं दाखवायचं.

आंधळी कोशिंबीर मात्र बंद खोलीत नको. माझ्या कपाळावरची खूण टेबलाच्या कोपऱ्याची आहे.

अर्धीवाट

भुताच्या गोष्टी! दिवा बंद झाल्यावर भुताच्या गोष्टी नसतील तर ती रात्र कसली?

निजानीज

@अर्धीवाट, अजिबात नको. आमच्याकडे रात्री दीड वाजता एका मुलीच्या बाबांना बोलवावं लागलं होतं. घाबरली ती एकटी, पण तिच्या रडण्याने बाकीच्यांची झोप उडाली, आणि पुढे महिनाभर माझी मुलगी दिवा लावून झोपत होती. गोष्ट सांगणारी तरबेज होती, तिचं कौतुकच आहे, पण पुन्हा नाही.

अर्धीवाट

अहो, थोडी भीती हवीच की. आम्ही सगळे त्यातूनच गेलो.

निजानीज

आपण गेलो तेव्हा शेजारच्या अंथरुणात आपलंच माणूस होतं. या पोरी परक्या घरात, परक्या अंधारात असतात. रात्री फ्रिजचा आवाजसुद्धा तिथे वेगळा येतो.

रातकिडा

निजानीज यांचा मुद्दा मला पटतो. मधला मार्ग म्हणजे साखळी-गोष्ट. आडवं पडून, ओळीने एकेक वाक्य. एकीचं वाक्य 'सुदैवाने'ने सुरू, पुढचीचं 'दुर्दैवाने'ने. 'दुर्दैवाने विमानाचं इंजिन बंद पडलं.' 'सुदैवाने खाली गवताची गंजी होती.' 'दुर्दैवाने गंजीत सुई होती.' भूत आलं तरी पुढच्या वाक्यात सुदैवाने त्याला सर्दी झालेली असते. अंधारात हे फार रंगतं, आणि आवाज हळूहळू आपोआप खाली येतो.

पट्टीबाई

खेळ सगळ्यांनी दिलेत, मी थोडं नीरस लिहिते. रुग्णालयात काम केलेलं आहे, त्यामुळे डोक्यात हेच येतं.

फुगे आणणार असाल तर शेपटाकडे लक्ष. फुगवलेल्या फुग्यापेक्षा न फुगवलेला आणि फुटलेल्याचा तुकडा जास्त धोक्याचा, तो घशात जाऊन बसतो. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी पाकिटांवर इशारा छापलेला असतो तो यासाठीच. फुटला की आधी तुकडे गोळा करायचे, मग पुढचा खेळ.

बॅटरीवर चालणाऱ्या लुकलुकत्या मेणबत्त्या स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका, किंवा झाकण स्क्रूने बसणारंच घ्या. आतली नाण्यासारखी चपटी बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. अशी शंका जरी आली तरी वाट बघायची नाही, तडक रुग्णालय.

लपंडाव किंवा उलटा लपंडाव (एकीने लपायचं, बाकीच्यांनी शोधायचं आणि सापडली की तिच्याच शेजारी दाटीवाटीने लपायचं) खेळणार असाल तर ट्रंक, फ्रिज, कपडे धुण्याचं यंत्र आणि बाहेरून कडी लागणारं कपाट या जागा बाद, असं खेळाआधी मोठ्याने सांगा. बाल्कनी बंद. चादरीच्या तंबूत मेणबत्ती कधीच नाही.

प्रत्येकीच्या आईवडिलांना आधीच फोन करून विचारा: कशाची अॅलर्जी, रात्रीचं औषध, दिवा लावून झोपते का, आणि अंथरूण ओलं होतं का. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि समोरचे आपणहून सांगत नाहीत. तुम्हीच सहज विचारा. असेल तर तिची जागा दाराजवळ, पलंगपोसाखाली प्लॅस्टिक, आणि बाकीच्यांना पत्ता लागू द्यायचा नाही.

झोपेचं म्हणाल तर ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या अकादमीची २०१६ ची शिफारस आहे. त्या रात्री ती मिळणार नाही. एका रात्रीने काही बिघडत नाही, पण दुसऱ्या दिवशी काहीही ठरवू नका. संध्याकाळी चारच्या सुमाराला रडारड होईल, ती पार्टीची नसते, झोपेची असते.

कोपरापकड

मोबाइलचा प्रश्न राहिला. नऊ वर्षांच्या पोरी घड्याळातून सुद्धा फोन लावतात हल्ली.

बिनझोप

दाराशी टोपली ठेवायची. आल्यावर फोन, घड्याळ सगळं त्यात. घरी बोलायचं असेल तर कधीही माग, लगेच मिळेल, असं सांगायचं. आणि मुख्य म्हणजे आपणही फोटो काढत फिरायचं नाही. रात्रीच्या कपड्यातली दुसऱ्याची मुलं आहेत ती.

चिमणघर (धागाकर्ती)

झाली! शनिवारी झाली. दोन दिवस झोप काढून आता वृत्तांत लिहायला बसलेय.

मोज्यांच्या लढाईने सुरुवात केली. ३४ जोड्या जमवल्या होत्या, त्यात नवऱ्याच्या ऑफिसच्याही. सहा फेऱ्या झाल्या. दोन मिनिटं संपल्यावरचा मोजा दोन धरायचा हा नियम नसता तर आम्ही अजून तिथेच असतो. वर्तमानपत्रावरची संगीतखुर्ची तिसऱ्या पानापर्यंतच टिकली, कारण घुसळणीत कागद फाटायला लागले. पुढच्या वेळी जुना टॉवेल घडी घालत लहान करत जाईन.

सांकेतिक शोधमोहीम मात्र आपटली, आणि चूक माझी. एकीला रीत लगेच कळली आणि तिने पाचही चिठ्ठ्या दोन-दोन मिनिटांत फोडल्या. बाकीच्या तिच्यामागे नुसत्या पळत होत्या. शेवटच्या चिठ्ठीपर्यंत दोघी रुसून सोफ्यावर. जोड्या पाडून प्रत्येक जोडीला वेगळी चिठ्ठी द्यायला हवी होती. पांढऱ्या खडूची चिठ्ठी तेवढी सगळ्यांना हातात घेऊन बघायची होती, तिच्यावर इतका रंग पडला की अक्षरं परत दिसेनाशी झाली.

कागदाच्या घड्यांची पैज लावली आणि एक टॉयलेट पेपरचा गुंडाळा गमावला. गॅलिव्हनची गोष्ट सांगून मी स्वयंपाकघरात गेले, परत येते तर बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीपर्यंत पांढरा रस्ता आणि दोन्ही टोकांना पोरी. आठ घड्यांचा दावा आहे. मी मोजल्या, सात होत्या, पण बोलले नाही.

गाव आणि लांडगे चार वेळा झाला. खरं तर पाच, कारण सकाळी उठल्या उठल्या पुन्हा. शेपूट कोंबडा झाला आणि त्याने इतकं जीव तोडून काम केलं की तिसऱ्या डावाला मध्यरात्रीच आरवला, आणि अख्ख्या गावाने लांडग्यांना डोळे उघडे असताना पकडलं. तो डाव बाद. विहिरीपाशी चप्पल सापडल्याचं सांगताना मी त्याचीच चप्पल दाखवली तर तो रडायला लागला, 'माझी चप्पल लांडग्याने खाल्ली' म्हणून. @निजानीज, म्हणजे भीती भुताच्या गोष्टीतूनच येते असं नाही.

सावल्यांचं नाटक मला वाटलं होतं त्यापेक्षा लांबलं, पाऊण तास. मोर्स कुणालाच जमलं नाही. पांघरुणातून नुसतेच दिवे मारत बसल्या, पण चिडीचूप होत्या, त्यामुळे मला चाललं.

साडेअकराला एकीला घरची आठवण आली. पट्टीबाईंचं वाचून मी आधीच प्रत्येकीला म्हटलं होतं, काही वाटलं तर येऊन मला 'पाणी हवंय' म्हण, मी समजून घेईन. ती आली, पाणी हवंय म्हणाली आणि ओठ थरथरायला लागले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. फोन लावला, आईचा आवाज ऐकल्यावर धरण फुटलंच. आई येऊन घेऊन गेली. बाकीच्यांना सांगितलं की तिला सकाळी लवकर उठायची सवय आहे म्हणून घरी झोपायला गेली. कुणी एका शब्दाने विचारलं नाही. सकाळी आठला ती परत आली, केस विंचरून, ताजीतवानी, आणि बाकीच्या सात पेंगुळलेल्या. लांडग्यांच्या पाचव्या डावात तिने सगळ्यांना गंडवलं.

शेवटची 'दुर्दैवाने' एक वाजून दहा मिनिटांनी ऐकू आली. त्याला 'सुदैवाने' मिळालं नाही.

निजानीज

'पाणी हवंय' ही युक्ती लिहून ठेवतेय. आणि ती परत आली हे सगळ्यांत छान. आमच्या वेळी ती मुलगी परत आलीच नव्हती, मलाही बोलवायचं सुचलं नाही.

उंबरठा

राजा-वजीर खेळलात का? आणि वजिराला किती?

चिमणघर

खेळलो. आमच्याकडे आलेल्या एकीच्या घरी वजिराला ९०० असतात. आता तुम्ही तिघं बघून घ्या.

कोपरापकड

९००???

चिमणघर

ता. क. ३४ जोड्यांपैकी एक मोजा अजून सापडलेला नाही. नेमका ऑफिसचा.

चिमणघर

ता. क. २: सापडला. पंख्यावर होता. पंखा लावला तेव्हा कळलं.